बिस्मिल्लाचा दिवस

वडनेर हे वर्धा जिल्ह्यातले गाव. हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबादच्या मोठ्या सडकेवर आहे. अशा गावात शेजारच्या मुसलमान घरून कधी बोलावणे येते, "उद्या आमच्या पोराची बिस्मिल्ला आहे. या बरं का!" आपण विचारात पडतो. लग्न नाही, बारसे नाही. मग हे काय?

बिस्मिल्ला म्हणजे अल्लाच्या नावाने. मुसलमान माणूस जेवायला बसताना किंवा कामाला हात घालताना हा शब्द उच्चारतो. आपण कामाचा श्रीगणेशा करतो ना, तसेच. मुलाच्या शिक्षणाचा आरंभही याच शब्दाने होतो. म्हणून त्या समारंभाचे नावच बिस्मिल्ला पडले.

मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की हा दिवस धरतात. मुलगा असो की मुलगी, त्याला न्हाऊ घालतात. नवे कपडे घालतात. गळ्यात फुलांचा हार घालतात. घरातली वडीलधारी मंडळी, सोयरे, शेजारी जमतात. मौलवीसाहेब किंवा घरातले जाणते माणूस मुलाला समोर बसवते. ते एकेक शब्द सांगतात, मूल त्यांच्यामागून बोबडे बोलते. आधी बिस्मिल्ला, मग कुराणातल्या काही ओळी. झाले! मग मिठाई वाटतात. मोठी माणसे मुलाच्या हातात खाऊ, पैसे देतात.

सगळेच मुसलमान हा समारंभ करतात असे नाही. धर्माची ती सक्ती नाही. ही चालत आलेली रीत आहे.

मुलाकडून बहुधा 'इकरा' या शब्दाच्या ओळी म्हणवून घेतात. इकरा म्हणजे वाच. याच ओळी का? पैगंबर महंमद यांना लिहिता-वाचता येत नव्हते, असे मुसलमान मानतात. इ. स. ६१० च्या सुमारास ते मक्केजवळच्या हिरा गुहेत होते. वय चाळिशीचे. तेथे त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी श्रद्धा आहे. त्याचा पहिला शब्द हाच, 'वाच'. त्याच ओळींत लेखणीचाही उल्लेख आहे.

पण मिठाई खाऊन विद्या येत नाही. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. मुलाच्या हाती कायदा देतात. कायदा म्हणजे अरबी अक्षरांचे पहिले पुस्तक. अरबी अक्षरे अठ्ठावीस. ती उजवीकडून डावीकडे वाचतात. अक्षरे झाली की कुराणाचे पारे. असे तीस पारे आहेत. रोज थोडे थोडे वाचले तरच ते पुरे होतात. शिवाय नुसते उच्चार येऊन भागत नाही. अर्थ कळायला आणखी शिकावे लागते. एखाद्या घरी थाटात बिस्मिल्ला होते, आणि पुढे पोरगी चुलीशी व पोरगा ढोरांमागे जातो. मग त्या दिवसाचे काय राहिले?

आपल्याच जिल्ह्यात पवनारला विनोबा राहत. त्यांनी मोठेपणी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले. त्यातले वेचे निवडून १९६२ साली 'कुराण-सार' हे पुस्तक केले. धर्म वेगळा, भाषा वेगळी, वय वाढलेले. तरी ते अक्षरापासून शिकले.

आपल्याला लहानपणी कोणी हार घातला नसेल. मिठाईही वाटली नसेल. म्हणून काय झाले? ज्या दिवशी पहिले अक्षर ओळखले, तो आपला बिस्मिल्लाचा दिवस. आता उद्याचा धडा चुकवायचा नाही.