रक्ताचा हिशोब

चिकूनं दूधभाकरी हुंगली आणि न खाताच जिन्याखाली जाऊन पडली. श्रावणातले दिवस. बाहेर ओल, घरात ओल. पावसाला कंटाळली असेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिनं लघवी केली, ती कोऱ्या चहाच्या रंगाची. मग मात्र मोबाइलची बत्ती लावून तिचा ओठ वर केला. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या चुना फासल्यासारख्या पांढऱ्या, आणि त्या पांढऱ्यातही किंचित पिवळी झाक.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात सलाइन मिसळलं आणि पट्टी हलकेच डोलवली. सलाइनमध्ये रक्त पातळ होऊन एकसारखं पसरायला हवं. इथे नासलेल्या दुधासारखे बारीक बारीक लाल कण दिसू लागले. "पेशी एकमेकींना चिकटताहेत," डॉक्टर म्हणाले. "तिचं शरीर तिच्याच रक्तावर उठलंय." रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, म्हणजे पीसीव्ही, निरोगी कुत्र्यात शंभरात साधारण ३७ ते ५५ असतो. चिकूचा १४ होता.

या आजाराचं नाव लांबलचक आहे: इम्यून-मिडिएटेड हिमोलिटिक ॲनिमिया. पशुवैद्यक त्याला 'आयएमएचए' म्हणतात. प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच तांबड्या पेशी नष्ट केल्यामुळे होणारा हा रक्तक्षय. मी विज्ञानावर लिहिते, तरी त्या दिवशी हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या काही महिन्यांत या आजारामागचं विज्ञान समजून घेणं हाच आमचा धीर झाला, आणि त्या विज्ञानात सगळ्यात उपयोगी ठरला तो दिवसांचा हिशोब. कोणती गोष्ट किती दिवसांत घडते, हे कळलं की वाट पाहता येते.

कुत्र्याची तांबडी पेशी साधारण ११० दिवस जगते. मधोमध खोलगट असलेल्या बशीसारखा तिचा आकार, व्यास सात मायक्रॉनच्या आसपास. म्हातारी झाली की पाणथरीतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तिच्यातलं लोह काढून पुन्हा वापराला देतात. हे रोज चालतं आणि अस्थिमज्जा तेवढ्याच नव्या पेशी घडवत असते. आयएमएचएमध्ये प्रतिपिंड तरण्याताठ्या पेशींनाही चिकटतात. एरवी प्रतिपिंड जंतूंवर बसतात आणि 'हा परका, याला उचला' अशी खूण करतात. तीच खूण आता आपल्याच पेशीवर उमटते. भक्षक पेशी कधी तिला अख्खी गिळते, कधी तिच्या आवरणाचा नुसता लचका तोडते. आवरण कमी झालं आणि आतला ऐवज तेवढाच राहिला, की बशीची गोळी होते. अशा गोल पेशींना स्फेरोसाइट म्हणतात. बशी लवचीक असते, पाणथरीतल्या चिंचोळ्या फटींतून ती अंग चोरून निघते. गोळी तिथेच अडकते आणि मरते. कुत्र्याच्या निरोगी पेशीत मधला फिकट भाग चांगला ठळक असतो, त्यामुळे तो नसलेली गोल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येते. मांजराच्या बाबतीत हे इतकं सोपं नसतं.

मेलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मोडून पिवळं बिलिरुबिन होतं, म्हणून कावीळ. काही पेशी थेट रक्तवाहिनीतच फुटतात. त्यांचं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं. अंगणात आम्ही पाहिला तो रंग रक्ताचाच होता.

शरीर असं स्वतःवर उलटू शकतं, हे मान्य करायला विज्ञानालाही वेळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पॉल एर्लिश यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले. एका बकऱ्याला दुसऱ्याचं रक्त टोचलं की त्या परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंड तयार होत. स्वतःच्या पेशींविरुद्ध मात्र ते तयार झालेले एर्लिश यांना कधी दिसले नाहीत. शरीराला स्वतःवर विष उगारण्याची जणू उपजत धास्ती असते, असं त्यांनी मांडलं आणि तिला लॅटिनमध्ये नाव दिलं 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. पुढे १९०४ साली व्हिएन्नात युलियस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर यांनी असा आजार दाखवून दिला, ज्यात थंडी लागली की रुग्णाचेच प्रतिपिंड त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. पुरावा समोर होता, पण एर्लिश यांच्या शब्दाचं वजन मोठं होतं. शरीर स्वतःवर उलटतं ही कल्पना वैद्यकात रुजायला आणखी काही दशकं गेली.

पेशींवर बसलेले प्रतिपिंड दाखवून देणारी चाचणी आली १९४५ मध्ये. तिला कूम्ब्स चाचणी म्हणतात. माणसांच्या रक्तपेढ्यांत आणि प्रसूतिगृहांत आजही ती रोज होते. रॉबिन कूम्ब्स यांनी केंब्रिजमध्ये आर्थर मोरंट आणि रॉबर्ट रेस यांच्यासोबत ती विकसित केली. सशाला माणसाचं ग्लोब्युलिन टोचायचं, सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, आणि ते प्रतिपिंड पेशींवर बसलेल्या प्रतिपिंडांना पकडून पेशींची गाठोडी बांधतात. न दिसणारी गोष्ट अशी डोळ्यांना दिसते. कूम्ब्स यांचं शिक्षण एडिंबरामध्ये पशुवैद्यकाचं झालेलं होतं, हे मला चिकूच्या आजारपणात वाचायला मिळालं. लाखो माणसांच्या कामी आलेली ही चाचणी एका पशुवैद्याच्या डोक्यातून निघाली, याचा मला फार आनंद झाला. कुत्र्यासाठी ती करायची तर अभिकर्मकही कुत्र्याच्याच प्रतिपिंडांना ओळखणारा लागतो.

निदान झालं की पुढचा प्रश्न: हे कशामुळे झालं? आमची पहिली चौकशी कांद्याची झाली. मराठी घरात हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्या रश्शात, पोह्यांत, उरलेल्या भाताच्या फोडणीत सगळीकडे कांदा-लसूण असतो आणि त्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींना जाळतात. तोही रक्तक्षयच, पण त्याची वाट वेगळी. त्यात प्रतिकारशक्तीचा दोष नसतो. चिकूला आम्ही कांदा कधी दिला नव्हता.

दुसरी चौकशी गोचिडांची. आपल्याकडे ही सर्वांत महत्त्वाची. गोचीड चावताना बबेशिया हा परजीवी रक्तात सोडू शकते. त्यातली 'बबेशिया गिब्सोनी' ही जात पहिल्यांदा नोंदली गेली ती भारतातच. १९१० साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात ती पाहिली आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तातही ती सापडली. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय अंतर्वैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ मध्ये या आजारावरचा सगळा पुरावा तपासला, तेव्हा कुत्र्यांत आयएमएचए पेटवणाऱ्या संसर्गांपैकी सर्वांत भक्कम पुरावा याच परजीवीविरुद्ध निघाला. गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू एर्लिशिया कॅनिस. तो १९३५ मध्ये अल्जीरियातल्या कुत्र्यांत सापडला आणि पुढे त्याला पॉल एर्लिश यांचं नाव मिळालं. हा जंतू शरीराला स्वतःच्याच प्लेटलेट्सवर सोडतो. ज्या शास्त्रज्ञानं शरीर स्वतःवर उलटत नाही असं म्हटलं, त्याच्याच नावाचा जंतू तसं घडवून आणतो. विज्ञानाच्या इतिहासातला हा योगायोग मला कायम अस्वस्थ करतो.

संसर्ग आहे की नाही, यावर उपचाराची लांबी ठरते. गोचीडतापानं आग लागली असेल, तर मुळातला जंतू मारल्यावर प्रतिकारशक्ती दाबण्याची गरज लवकर संपू शकते. चिकूचा अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन चालू ठेवलं. अहवालात काहीच सापडलं नाही. म्हणजे कारणाविना, लांब पल्ल्याचा आजार.

पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. या आजारात मरणारी बहुतेक कुत्री याच काळात मरतात. वेगवेगळ्या अभ्यासांत मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याच्या वरपर्यंत नोंदलं गेलं आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत सुरू होतं. ते भक्षक पेशींचा हात काही दिवसांत आखडता घ्यायला लावतं, पण नवे प्रतिपिंड बनणं थांबायला त्याहून जास्त वेळ लागतो. अस्थिमज्जेला जाग येऊन नव्या पेशी रक्तात दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. मधल्या दिवसांत मोडतोड चालूच असते. हा हिशोब माहीत नसता, तर तिसऱ्या दिवशी पीसीव्ही १२ वर आला तेव्हा औषध लागू पडत नाही, असंच आम्हाला वाटलं असतं.

त्याच दिवशी तिला रक्त द्यावं लागलं. कुत्र्यांत अनेक रक्तगट असतात, त्यातला डीईए १ सर्वांत महत्त्वाचा. या गटाविरुद्ध उपजत प्रतिपिंड सहसा नसतात, त्यामुळे पहिलं रक्त बहुधा सोसतं. दुसऱ्या वेळी मात्र धोका वाढतो, म्हणून जुळवणी करून घेणंच बरं. रक्त देणारं कुत्रं तरुण, धडधाकट, पंचवीस किलोच्या वरचं लागतं, आणि त्याला गोचीडताप नसल्याची खात्री करावी लागते, कारण बबेशिया दिलेल्या रक्तातूनही जातो. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा लॅब्रॅडोर टेबलावर शांत पडून राहिला. काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "त्याला काही कळत नाही हो," ते म्हणाले, आणि स्वतःचे डोळे पुसले.

रक्त कमी असताना रक्त पातळ करणारी गोळी कशाला, हेही आम्हाला समजून घ्यावं लागलं. या आजारात पेशी फुटतात, सूज वाढते आणि रक्त गोठायला आतुर होतं. फुप्फुसात गुठळी जाणं हे मृत्यूचं मोठं कारण आहे. म्हणून क्लोपिडोग्रेल. म्हणूनच या दिवसांत कुत्रं अचानक धापा टाकू लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

घरी आणल्यावर वेगळंच आयुष्य सुरू झालं. प्रेडनिसोलोननं चिकूला न भागणारी तहान लागली. रात्री दोनदा, कधी तीनदा बाहेर न्यावं लागे, तरी सोफ्यापाशी डबकं व्हायचं. कधीही ओट्याकडे न फिरकणारी कुत्री कणकेच्या डब्यावर झेपावू लागली. मांड्यांचे स्नायू वितळल्यासारखे झाले, पोट सुटलं, रात्रभर धाप. हे सगळं औषधाचं असतं, मात्रा कमी होईल तसं ओसरतं. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. गोळ्या पोळीच्या बारीक लाडवांत घालून दिल्या. चेंडू बंद, जिना बंद, गोचिडांसाठी रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवणं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही द्यायची नाही, कारण स्टेरॉइडसोबत ती जठराला जखमा करते.

सगळीच घरं इथवर येऊ शकत नाहीत. दुसरं प्रतिकारदमक औषध, आठवड्याला रक्ततपासणी, रक्त चढवणं, रात्रपाळीचा दवाखाना, हे सगळं मिळून खर्च पगाराच्या घराला झेपेनासा होतो. शिवाय कधी कधी सगळं करूनही कुत्रं जातं. अशा वेळी त्याला त्रासातून सोडवण्याचा निर्णय घेणाऱ्या माणसांना कुणी नावं ठेवू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं. हिरड्या पांढऱ्या पडलेलं, तरी पाऊल वाजलं की शेपूट हलवणारं जनावर समोर असताना तो निर्णय घेणं काय असतं, हे बाहेरच्याला कळत नाही.

सहाव्या आठवड्यात चिकू दारात आलेल्या दूधवाल्यावर पूर्वीसारखी भुंकली. आई म्हणाली, "अगं, आता ठणठणीत आहे की ती. कशाला त्या कडू गोळ्या? पोट बघ तिचं कसं झालंय." आईचं म्हणणं डोळ्यांना पटणारं होतं आणि तिथेच खरी घसरण असते. बरं दिसणं आणि बरं होणं यांत महिन्यांचं अंतर आहे. पीसीव्ही तिसाच्या वर येऊन दोन आठवडे टिकला, की मात्रा साधारण पावपट कमी करायची. मग तीन आठवडे थांबायचं, रक्त तपासायचं, पुन्हा पावपट. असे चार ते आठ महिने जातात. एकदम थांबवलं तर आजार उलटू शकतो, शिवाय इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यानं सुस्तावलेल्या अधिवृक्क ग्रंथीही लगेच कामाला लागत नाहीत. नीट कमी करूनही दहातल्या एखाद-दुसऱ्या कुत्र्यात आजार परततो. लसींमुळे तो पेटतो का, यावर ठाम पुरावा नाही, पण अशा कुत्र्याची पुढची लस डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी. रेबीजचा धोका आपल्याकडे खरा आहे, हेही त्या बोलण्यात यावं.

फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर मी आकडे लिहीत गेले. १४, १२, रक्तानंतर २०, मग १९, २३, २९, ३४, ३८. एकोणीसचा आकडा लिहिताना हात थरथरला होता. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा एके दिवशी सहज मोजलं: आजार सुरू होऊन ११० दिवस उलटले होते. म्हणजे श्रावणातल्या त्या सकाळी चिकूच्या अंगात फिरणारी जवळजवळ एकही तांबडी पेशी आता उरली नव्हती. वाहतंय ते सगळं रक्त तिच्या हाडांनी नव्यानं घडवलेलं.

सध्या दिवसाआड पाव गोळी चालू आहे. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी तिचा ओठ वर करून पाहते. तिला आता इतकी सवय झाली आहे, की मी समोर बसले की ती आपणहून तोंड वर करते. पुढची रक्ततपासणी सोमवारी.