उन्हाळ्यात दमानं घ्या! पण दुपारचा आराम नेमका कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय आहे उन्हाळ्यात संथ होणं. ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण आपल्याकडे भर दुपारी 'जरा पडतो' म्हणणाऱ्याला लगेच आळशी ठरवतात. म्हणून आधी शरीराचा हिशोब बघू आणि मग घराचा.

आपलं शरीर म्हणजे सतत पेटलेली चूल. नुसतं बसून राहिलं तरी त्यातून साधारण १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर पडत असते. काम सुरू केलं की ती कित्येक पटींनी वाढते. कारण स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, त्यातली जेमतेम पाव प्रत्यक्ष कामाला लागते. बाकीची उष्णता होते.

थंडीत ही उष्णता आपोआप हवेत निघून जाते. उन्हाळ्यात आपली कातडी असते साधारण ३५ अंशांवर. नागपूर, अकोला, चंद्रपूरला पारा ४४-४५ वर गेला की हवाच आपल्यापेक्षा गरम! मग उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम. आणि नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. मुंबईत आणि कोकणात पारा ३४ वरच असतो, पण हवा दमट. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून तिथला उन्हाळा आकड्यापेक्षा जास्त जाणवतो.

या सगळ्यात हृदयावर दुप्पट काम पडतं. स्नायूंना रक्त द्यायचं आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडेही पाठवायचं. जानेवारीत सहज चढता येणारा जिना मे महिन्यात धाप लावतो, तो यामुळेच. तुमचं वय एकदम वाढलेलं नसतं!

आता महत्त्वाची गोष्ट. शरीर उन्हाळा शिकतं, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, ठोके जरा आटोक्यात येतात. म्हणजे उन्हाच्या कामाचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. गावाहून नुकताच साइटवर आलेला मजूर, सुट्टीत एकदम विदर्भात गेलेली पुण्याची मुलं, यांनी पहिल्या आठवड्यात मुद्दाम कमी काम, कमी खेळ ठेवायचा. काम रोज थोडं थोडं वाढवायचं.

हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत एरवी दिवसा झोपणं निषिद्ध मानलंय, पण ग्रीष्मात त्याला मोकळीक दिलीय. कारणही दिलंय की या ऋतूत रात्र लहान असते. व्यायामही या दिवसांत टाळायला सांगितलाय. आजच्या भाषेत सांगायचं तर झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडत राहतो आणि आपण कूस बदलत राहतो. ती तूट दुपारी थोडी भरून काढता येते. फक्त वामकुक्षी २० ते ३० मिनिटांची असावी, तीनच्या आत आटपावी. दोन तास ताणून दिली तर उठल्यावर डोकं जड आणि रात्रीची झोप पुन्हा उडालेली.

आता घराचा हिशोब. उन्हाळ्याची सुट्टी म्हणतो आपण, पण सुट्टी कुणाला? मुलं घरी, पाहुणे घरी, त्यात पापड, कुरडया, सांडगे, लोणची. बाकीचे जेवून पंख्याखाली आडवे होतात तेव्हा घरातली बाई गॅसपाशी नाहीतर भांड्यांपाशी असते. ओटा खिडकीपासून लांब आणि गॅस विझेल म्हणून पंखा बंद. घरातली सगळ्यात गरम खोली तिच्या वाट्याला!

म्हणून संथ व्हायचं तर सगळ्या घरानं मिळून व्हायचं. पोळ्या-भाजी सकाळी नऊच्या आत उरकायची. दुपारी गरम पोळीचा हट्ट सोडायचा. दहीभात, काकडीची कोशिंबीर, ताक यावर छान भागतं. कुरडयांचा चीक पहाटे शिजवायचा. आणि दुपारची भांडी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली तर काही आभाळ कोसळत नाही.

हाच नियम दाराबाहेर. दुपारी दोनला आपण पडल्या पडल्या मोबाइलवर आइस्क्रीम मागवतो, तेव्हा आपल्या आरामाचं ऊन दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना दुपारऐवजी सकाळची वेळ देता येईल का? सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा आहे का? एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. बहुतेक वेळ लोक बसूनच होते, पण उन्हात बसणं म्हणजे आराम नव्हे. आरामाला सावली लागते. त्यानंतर सरकारनं दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या मैदानातले कार्यक्रम थांबवले. जे सरकारला उशिरा सुचलं, ते आपण आपल्या गल्लीत आधी करू शकतो.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर 'थोडं पडू दे, बरं वाटेल' म्हणू नका. तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

तर या आठवड्याचा गृहपाठ: दुपारी १२ ते ४ मधलं एक काम सकाळी किंवा संध्याकाळी ढकला. एक स्वतःचं, आणि एक असं की जे तुमच्यासाठी दुसरं कुणीतरी उन्हात करतंय. कोणतं काम हलवलंत ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर माठातलं पाणी प्या आणि दमानं घ्या!