उष्णतेचा उलटासुलटा न्याय

थंडीच्या दिवसांत बेल्ह्याच्या शिवारात पहाटे विहिरीवरचे डिझेल इंजिन चालू करणे म्हणजे अंगमेहनतीचे काम. हँडल फिरता फिरत नाही, कारण आतले तेल गारठून दाट झालेले असते. घरातली काकवीही तशीच. बरणीत चमच्याला चिकटून बसते आणि चुलीजवळ ठेवली की सहज ओघळू लागते. कारण विचारले तर आपण शाळेत पाठ केलेले उत्तर देतो : उष्णतेने कण वेगाने हलू लागतात. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे.

थोडा हिशेब करू. (कलाशाखेच्या वाचकांनी घाबरू नये, एकच वर्गमूळ आहे.) रेणूंचा सरासरी वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पहाटेचे १० अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष २८३ आणि वैशाखातल्या दुपारचे ४० अंश म्हणजे ३१३. वेगातली वाढ भरते अवघी पाच टक्के! पण एवढ्याच फरकाने पाण्याचा चिकटपणा, ज्याला भौतिकशास्त्रात श्यानता म्हणतात, जवळजवळ निम्म्यावर येतो. पाच टक्के भांडवलावर इतका नफा कसा?

बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार डोळ्यांपुढे आणावा. ऐन गर्दीत सापडलेल्या माणसाचे पाय कितीही चपळ असोत, शेजारी वाट देतील तेव्हाच तो पुढे सरकणार. द्रवातला रेणूही शेजाऱ्यांच्या ओढीत असाच अडकलेला असतो. तो जागच्या जागी थरथरतो आणि पुरेशी ऊर्जा मिळाली की निसटतो. तापमान वाढले तर सरासरी ऊर्जा थोडीच वाढते, परंतु निसटण्याइतकी ऊर्जा असलेल्या रेणूंची संख्या भराभर वाढते. द्रव पातळ होतो तो या निसटणाऱ्यांमुळे.

हवेचे मात्र उलटे आहे. १० वरून ४० अंशांवर गेल्यास तिची श्यानता सुमारे आठ टक्क्यांनी वाढते! हवेतले रेणू एकमेकांपासून दूर असतात; तिथे धरून ठेवणारे कोणी नसते. समजा, दोन बैलगाड्या शेजारून चालल्या आहेत, एक जलद आणि एक सावकाश, आणि पोरे एकीतून दुसरीत उड्या मारताहेत. सावकाश गाडीतून आलेले पोर जलद गाडीला मागे खेचते, तर जलद गाडीतून आलेले सावकाश गाडीला पुढे लोटते. वाहत्या हवेच्या थरांत रेणू हेच करतात. ते जितके चपळ, तितकी ही खेचाखेच अधिक.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० साली ही उपपत्ती मांडली आणि पुढे लंडनमधील आपल्या घराच्या माळ्यावर प्रयोग करून हवेची श्यानता मोजली. खोलीचे तापमान राखण्यासाठी विस्तव सांभाळण्याचे काम पत्नी कॅथरीनने केले. प्रयोगाचे निष्कर्ष १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. तापलेली हवा अधिक विरोध करते, हे त्यांत दिसले.

तेव्हा विहिरीवरचे इंजिन एकदा सुरू झाले की त्यातले तेल तापून पातळ होते आणि धुराड्यातून निघणारा तप्त वायू मात्र बाहेरच्या गार हवेपेक्षा चिकट असतो. तो भराभर वर चढतो खरा, पण ते हलकेपणामुळे. ती गोष्ट निराळी.