पंगत आणि फळ

ख्रिस्ती कोणाला म्हणावे? बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव आहे त्याला, हे रूढ उत्तर. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाची खूण निराळी आहे: प्रीती, आनंद, शांती अशा नऊ गुणांचे मिळून आत्म्याचे एकच फळ. उपदेशक हे वैयक्तिक शीलापुरते सांगतात. त्याच पत्राचा दुसरा अध्याय मात्र सोयीने मागे राहतो. अंत्युखियात पेत्र सुंता न झालेल्यांच्या पंगतीत जेवत असे. यरुशलेमची माणसे येताच तो उठला. पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. पंक्तिभेदाच्या या भांडणातच फळाची गोष्ट आहे.

मग तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी काढणारी भिंत, हे कोणत्या झाडाचे फळ?

1950 च्या आदेशाने ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींबाहेर राहिला. शीख 1956 मध्ये, बौद्ध 1990 मध्ये आत आले. मद्रासच्या एका ख्रिस्ती आदि-द्रविडाला जोडे शिवण्यासाठी सरकारी टपरी नाकारली गेली. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, धर्मांतरानंतरही जाच तितकाच तीव्र आहे याचा पुरावा नाही. चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो, हे कॅथलिक बिशप परिषदेने 2016 च्या धोरणपत्रात स्वतःच लिहून दिले.