ठरली चोविसाला, पेटली तेविसाला

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ला झाली, पण ती त्या दिवशी व्हावी असं कुणाच्याच मनात नव्हतं. ना दौलतराव शिंद्यांच्या, ना नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या, ना इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या.

युद्धाचं कारण सर्वांना पाठ असतं. वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली, शिंदे-भोसल्यांना ते मानवलं नाही, आणि ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला पडला. पण युद्ध कशामुळे जुंपलं आणि एखादी लढाई अमुकच गावाच्या शिवारात, अमुकच दुपारी का पेटली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा तहनाम्यात सापडत नाही. ते हरकाऱ्याच्या बातमीत, नदीच्या पाण्यात किंवा कुणाच्या तरी घाईत असतं.

२१ सप्टेंबरला बदनापुरात वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हनसन भेटले. मराठी फौज भोकरदनच्या आसपास असल्याची खबर होती. दोघांनी मधल्या डोंगराच्या दोन अंगांनी जायचं आणि २४ ला एकदम हल्ला चढवायचा, असा बेत ठरला. तेविसाला सकाळची मजल मारून वेलस्ली नळणीला मुक्काम टाकायच्या बेतात होता, तोच बातमी आली : शत्रू भोकरदनला नाही, अवघ्या दोन-तीन कोसांवर आहे. घोडदळ पुढे निघून गेलंय, पायदळही निघायच्या तयारीत आहे. बातमीचा पहिला भाग खरा होता, दुसरा साफ खोटा. केळणेच्या काठावरच्या उंचवट्यावरून पाहिलं तर समोर सगळीच्या सगळी फौज : केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात हजारो घोडेस्वार, पोहलमन या जर्मन सेनानीच्या हाताखालची कवायती पलटणं आणि शंभरावर तोफा. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढायला साडेचार हजारांच्या आसपास माणसं.

थांबावं तर शिकार निसटेल, मागे फिरावं तर मराठी घोडदळ बाजारबुणग्यांसकट फौजेचे लचके तोडेल. त्याने हल्ल्याचं ठरवलं. पण समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. खाली कुठे उतार आहे का? वाटाड्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते त्यांचं त्यांना माहीत. वेलस्लीला मात्र अल्याड-पल्याड, जवळजवळ समोरासमोर, दोन गावं दिसली : पिंपळगाव आणि वरुड. दोन गावं अशी वसली आहेत म्हणजे त्यांची ये-जा असणारच, हा त्याचा तर्क. पाहणी केली, उतार निघाला.

या उतारावर मराठ्यांच्या पायदळाची चौकी असती, तर लढाईची सुरुवात वेगळीच झाली असती. तोफा मात्र सुरू झाल्या होत्या. नदी ओलांडताना वेलस्लीलगतच्या एका स्वाराचं डोकं गोळ्याने उडवलं.

पलीकडे त्याचा हिशेब होता की शत्रूची बगल आयती सापडेल. इथे तो चुकला. पोहलमनच्या पलटणांनी तोंड फिरवून नवी रांग धरली, एका टोकाला केळणा आणि दुसऱ्याला असई गाव. इतक्या सफाईने हे होईल असं इंग्रजांना वाटलंच नव्हतं. ज्यांना ‘नुसता गनिमी कावा जाणणारे’ म्हणतात, त्यांच्याच कवायती फौजेने हे करून दाखवलं. दौलतराव आणि रघूजी मात्र मैदान सोडून गेले होते, ही गोष्ट आपल्याकडे जरा दबक्या आवाजात सांगितली जाते.

इंग्रजांच्या उजव्या बाजूची तुकडी भरकटून असईच्या अगदी जवळ गेली आणि चौऱ्याहत्तराव्या हायलँडर्स पलटणीची तिथे दैना झाली. इंग्रजांकडचे एकूण ४२८ ठार, हजारावर जखमी. जय इंग्रजांचा झाला, शंभराच्या आसपास तोफा त्यांच्या हाती लागल्या, पण पाठलाग करायला त्राण उरलं नव्हतं. स्टीव्हनसन चोविसाच्या संध्याकाळी पोचला. त्यालाही जखमींच्या सोयीसाठी थांबवून घेतलं, आणि तो सव्विसापर्यंत निघू शकला नाही. तोवर शिंदे-भोसले दूर गेले होते. त्यांच्याशी पुन्हा गाठ पडली ती थेट २९ नोव्हेंबरला, वऱ्हाडात अडगावला.