सही झाली, तारीख राहिली
लेखमाला : कायदा आणि नागरिक (भाग ६)

माहिती अधिकाराच्या अर्जावर नाव-पत्ता द्यावा लागतो, हे मागच्या भागात आलं. ज्याची भानगड त्या अर्जातून उघड होणार, त्याच्या कानावर ते नाव गेलं तर काय, हा आजचा विषय. पुणे जिल्ह्याला तो नवा नाही.

१३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगाव दाभाडे इथे फिरायला निघालेल्या सतीश शेट्टी यांचा खून झाला. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून उकरून काढले होते. जिवाला धोका आहे, असं सांगून पोलीस संरक्षणही मागितलं होतं. ते मिळालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये सीबीआयने तो बंद करण्याचा अहवाल दिला, पुढे पुन्हा उघडला आणि २०१८ मध्ये पुन्हा बंदचाच अहवाल दिला.

अशा जागल्यांसाठी त्या वेळी देशात होता फक्त एक सरकारी ठराव. त्यामागेही एक खूनच होता. महामार्ग प्रकल्पातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी बांधकामातले गैरव्यवहार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवले, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र मात्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. सीबीआयने ती लूटमारीतून झाल्याचं ठरवलं, पण पत्र फुटल्याचा संताप मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर एप्रिल २००४ मध्ये ठराव निघाला : तक्रार बंद पाकिटात केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवायची, नाव पाकिटावर नाही, आतल्या कागदावर. निनावी तक्रार चालत नाही. आणि ही सोय फक्त केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरती. आपला तलाठी, दुय्यम निबंधक, नगरपरिषद तिच्या कक्षेतच येत नाहीत.

मग कायदा आला. विधेयक ऑगस्ट २०१० मध्ये मांडलं गेलं, लोकसभेत डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेत फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर झालं, ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. यात राज्यांचे कर्मचारीही येतात आणि तक्रार कोणीही नागरिक करू शकतो. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच तरतूद : तक्रारदाराची बदली झाली, चौकशी लागली, तर ती सूडापोटी नाही हे कार्यालयाने सिद्ध करायचं. एरवी ‘प्रशासकीय कारण’ एवढं लिहिलं की विषय मिटतो, आणि सूड होता हे दाखवता दाखवता माणूस निवृत्त होतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही पुराव्याचा भार असाच उलटा आहे. शिवाय तिथे तक्रारीचं काय केलं, हे साधारण तीन महिन्यांत कळवावं लागतं.

आपल्याकडे मात्र घोडं कलम १ मध्येच अडलं. केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या दिवशी कायदा लागू होईल, असं त्यात म्हटलंय. तो दिवस आजवर ठरलेला नाही. आधी दुरुस्ती करू, असं सरकारने सांगितलं. २०१५ च्या दुरुस्ती विधेयकात राष्ट्रीय सुरक्षेपासून व्यापारी गुपितांपर्यंत दहा प्रकारची माहिती तक्रारीतून वगळायची होती. लोकसभेने ते मंजूर केलं, राज्यसभेत ते अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बाद झालं. दुरुस्ती गेली, तरी मूळ कायदा फडताळातच.

मग आज तळेगावात कोणाला धमकी आली तर? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, त्यावरून घराजवळ गस्तीपासून ठिकाण बदलण्यापर्यंत व्यवस्था होते, एका वेळी तीन महिन्यांसाठी. अट एवढीच, की अर्जदार एखाद्या गंभीर गुन्ह्यातला साक्षीदार हवा. हातात नुसती माहिती अधिकाराची उत्तरं असलेल्या माणसाला आधी पोलिसांकडून गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो.