0.23 हा आकडा आला कुठून?

मार्च 2011च्या अणुकेंद्रातल्या अपघातानंतर जपानच्या फुकुशिमात अंगणातली, शेतातली वरची पाचेक सेंटिमीटर माती खरवडून काळ्या पोत्यांत भरली गेली. किरणोत्सर्गाच्या मोजणीसाठी एक आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला: तासाला 0.23 मायक्रोसिव्हर्ट. मीटर त्याच्या वर गेला की जागा धोक्याची, असंच अनेकांनी धरलं.

तसं नाही. सफाईचं दूरच्या पल्ल्याचं उद्दिष्ट होतं वर्षाला जादा 1 मिलिसिव्हर्ट. माणूस रोज आठ तास उघड्यावर आणि सोळा तास लाकडी घरात राहतो, घरात मात्रा बाहेरच्या 40 टक्के असते, असं गृहीत धरलं. त्या हिशेबाने तासाला 0.19 येतात. जमिनीतून मुळातच येणारे 0.04 त्यात मिळवले, झाले 0.23. दिवसभर शाळेच्या पक्क्या इमारतीत बसणाऱ्या मुलाला हा हिशेब लागूच पडत नाही.

मग ते 1 तरी धोक्याची रेघ आहे का? तेही नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांचा अभ्यास 1950पासून चालू आहे. कर्करोगाची वाढ त्यात साधारण 100 मिलिसिव्हर्टच्या पुढे स्पष्ट दिसते. त्याखाली ती इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगांत मिसळून जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग सावधगिरीने मानतो, की मात्रा निम्मी तर धोका निम्मा, थेट शून्यापर्यंत. त्या हिशेबाने 1 मिलिसिव्हर्टचा धोका साधारण वीस हजारांत एक.

‘शंभराखाली काहीच होत नाही’ हाही गैरसमजच, आणि माझ्या मते जास्त घातक. केरळात करुनागप्पल्लीच्या किरणोत्सर्गी मोनाझाइट वाळूवर राहणाऱ्या सुमारे 70,000 लोकांत कर्करोग वाढलेला आढळला नाही, हे खरं. पण फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुकामगारांत कमी मात्रेलाही धोका वाढत गेलेला दिसला.

सफाईच्या मर्यादेत शास्त्राइतकाच माणसांचा निर्णय असतो. अमेरिकेत बंद अणुकेंद्राची जागा मोकळी करताना वर्षाला 0.25 मिलिसिव्हर्टची अट आहे. जपानने हलवलेल्या लोकांना घरी परतायला 20ची मर्यादा धरली. आयोगाने सुचवलेल्या 1 ते 20च्या पट्ट्याचं ते वरचं टोक. परतावं का, हे ठरवताना दुसरं पारडंही जड होतं. घरदार सोडून वणवण झाल्याने, उपचार तुटल्याने झालेले दोन हजारांहून अधिक मृत्यू एकट्या फुकुशिमा प्रांतात नोंदले गेले. त्यात बहुतेक म्हातारी माणसं होती.